घरामागील तळ्याचे काम पुन्हा सुरू करण्यास परवानगी मिळणेबाबत

दि. १२ मे

प्रति,
मा. अध्यक्ष, व्यवस्थापक समिती,
सहकारी गृहनिर्माण संस्था, पुणे

महोदय,
स.न.वि.वि.

मागच्या रविवारी मी घरामागील अंगणात सुरू केलेले खोदकाम शेजाऱ्यांच्या तक्रारीवरून आपण थांबवलेत. लेखी परवानगी न घेता कुदळ हाती घेतली ही माझीच चूक असून त्याबद्दल मी दिलगीर आहे. तक्रारीत मात्र या कामाचा उल्लेख ‘स्विमिंग टँक’ असा झाला आहे. तळे आठ फूट लांब, पाच फूट रुंद आणि मध्यभागी दोन फूट खोल असेल. कुंड्या ठेवण्यासाठी चारही बाजूंनी उथळ पायरी सोडल्यामुळे त्यात जेमतेम दीड हजार लिटर पाणी मावेल.

मुख्य आक्षेप डेंग्यूचा आहे आणि तो रास्त आहे. तो मनात धरूनच मी फेब्रुवारीपासून दोन टप शेजारी-शेजारी भरून ठेवले होते. ज्यात गप्पी मासे सोडले त्यात आजवर एकही अळी दिसली नाही. दुसऱ्यात पाचव्या-सहाव्या दिवशी वळवळ दिसू लागली, तेव्हा तो लगेच उन्हात पालथा केला. डेंग्यूचा डास कुंडीखालच्या बशीत, कूलरमध्ये, गच्चीवरच्या टायरमध्ये साचलेल्या चार पेले पाण्यातही वाढतो, कारण तिथे अळ्या खाणारे कोणी नसते. (आपल्या क्लब हाऊसमागचे उघडे पिंपही त्याच जातीचे आहे, हे जाता जाता नमूद करतो.) तळ्यात गप्पी मासे राहतील आणि ४० वॅटचा छोटा पंप पाणी हलते ठेवील, दिवसरात्र चालूनही त्याला रोज सुमारे एक युनिट लागेल, तेही माझ्या मीटरवरून. जलपर्णी मी लावणार नाही. कुमुद आणि वेखंड पुरेसे आहेत.

ओल येण्याच्या शंकेबाबत सांगायचे तर खड्डा कुंपणाच्या भिंतीपासून चार फूट आत आहे. दीड फुटांवर मुरूम लागला असून त्यातले टोकदार खडे वेचून, चाळलेली वाळू व जुनी गोणपाटे अंथरून त्यावर शेततळ्याला वापरतात तो ५०० मायक्रॉनचा प्लास्टिकचा कागद घालणार आहे. चौदा बाय अकरा फुटांचा हा अखंड तुकडा असल्याने त्यात कुठेही सांधा नसेल.

टँकरचे पाणी यासाठी वापरणार नाही. माझ्या छताच्या ३० चौरस मीटर भागावर ५० मिलिमीटर पाऊस पडला, की तळे भरण्यापुरते पाणी पन्हाळीतून मिळते. उन्हाळ्यात रोज उडून जाणाऱ्या दीड-दोन बादल्या घरच्या वापरातून भरून काढू.

लहान मुलांसाठी दोन फूट पाणीही धोक्याचे असते, म्हणून पाण्याखाली दोन इंचांवर लोखंडी चौकटीत जाळी बसवेन आणि मागच्या फाटकाला कुलूप ठेवेन. जूनमध्ये बेडूक येतील आणि रात्री ओरडतील. त्यांच्या वतीने मात्र मी कोणतीही हमी देऊ शकत नाही.

खड्डा सध्या पत्रे टाकून झाकला आहे. पाऊस सुरू झाल्यावर त्याच्या कडा ढासळतील आणि कागद नीट बसणार नाही, तेव्हा येत्या रविवारी सकाळी समितीने प्रत्यक्ष पाहणी करून महिनाअखेरीपूर्वी लेखी निर्णय कळवावा, ही विनंती. तक्रारदार शेजाऱ्यांनाही सोबत आणावे. टप अजून तिथेच आहे.

आपला नम्र,
सभासद, रो-हाऊस क्र. ७