पोलिसांच्या वायरलेसला कुलूप हवे, घटनेच्या नोंदीला नको

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

जुन्या ॲनालॉग वायरलेस संचांच्या जागी जगभरच्या पोलीस दलांत डिजिटल संच येत आहेत आणि त्यांवरचे बोलणे कूटबद्ध असते, म्हणजे बाहेरच्या माणसाच्या संचावर त्याची नुसती खरखर पोहोचते. या बदलाला माझा विरोध नाही. छाप्याला निघालेल्या पथकाचा रस्ता गुन्हेगाराला कळू नये आणि अत्याचाराची तक्रार करणाऱ्या महिलेचे नाव-पत्ता हवेत फिरू नये, यात दुमत होण्याचे कारण नाही. मुंबईवरील २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात दूरचित्रवाहिन्यांच्या थेट प्रक्षेपणाचा उपयोग सीमेपलीकडच्या सूत्रधारांना झाला, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ च्या निकालात कठोर शब्दांत नोंदवले आहे. ते आम्हा पत्रकारांनी विसरता कामा नये. माझा प्रश्न वेगळा आहे. वायरलेसवरचे बोलणे बाहेर ऐकू येणे बंद झाल्यावर शहरात काही घडले आहे, एवढी पहिली खबर पोलिसांखेरीज कोणालाच नसेल, तर ती कधी द्यायची आणि द्यायची की नाही, हे एकट्या पोलिसांनी ठरवावे काय?

मी सोलापुरात २२ वर्षे गुन्हे वार्ताहर म्हणून काम केले. संध्याकाळी ठाण्यांची फेरी करायची, ठाणे अंमलदारासमोरच्या बाकावर बसायचे आणि शेवटी सिव्हिल रुग्णालयातल्या पोलीस चौकीत डोकावायचे, असा क्रम होता. (‘याची नोंद सिव्हिल पोलीस चौकीत झाली आहे’ हे वाक्य इथल्या वाचकाने हजारदा वाचले असेल.) विनापरवाना वायरलेस संच बाळगणे आपल्याकडे १९३३ च्या कायद्यापासून गुन्हा आहे, त्यामुळे आमच्यापैकी कोणाकडे संच नव्हता; पण अंमलदाराच्या टेबलावरचा सेट सतत बोलत असे आणि ते बोलणे त्यांच्यासमोरच आमच्या कानावर पडत असे. एका रात्री जुन्या पुणे नाक्याजवळ ट्रक आणि जीपची धडक झाल्याचा संदेश आला. जखमी जीपमध्ये अडकले होते, रुग्णवाहिका मागवली होती. अंमलदाराने वहीत वेळ टिपली, मीही माझ्या वहीत टिपली. रुग्णवाहिका उशिरा का आली, यावरून दोन दिवसांनी मोठा गदारोळ झाला आणि नातेवाइकांचा सगळा राग पोलिसांवर निघाला, तेव्हा संदेश ताबडतोब दिला गेला होता, हे माझ्या वहीतल्या त्या एका ओळीने दाखवून दिले. तिऱ्हाइताने टिपलेली वेळ कधीकधी पोलिसांच्याच बाजूने साक्ष देते, ती अशी.

आजच्या बातमीदाराकडे आहे तो व्हॉट्सॲपवरचा ग्रुप आणि त्यात येणारी प्रेसनोट. तीत अटक असते, जप्त मुद्देमालामागे रांगेने उभ्या असलेल्या पथकाचे छायाचित्र असते. मदतीसाठी फोन केल्यावर गाडी किती वेळाने आली, किंवा तक्रार आली आणि गुन्हाच नोंदला गेला नाही, हे तीत कधी नसते. प्राथमिक माहिती अहवाल २४ तासांत संकेतस्थळावर टाकण्याचा सर्वोच्च न्यायालयाचा २०१६ चा आदेश मोलाचा आहे, पण तो गुन्हा नोंदल्यानंतरच लागू होतो आणि संवेदनशील प्रकरणे त्यातून वगळलेली आहेत. माहिती अधिकाराचे उत्तर यायला ३० दिवस लागतात. तोवर बातमी शिळी होते आणि अफवा मात्र गावभर होऊन गेलेली असते.

अफवेबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण या शहरात माणसे मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू बोलतात आणि एकच अफवा चारही भाषांत एका रात्रीत फिरते. गेल्या उन्हाळ्यात आमच्या पेठेत रात्री अकराच्या सुमारास पोलिसांच्या तीन गाड्या येऊन थांबल्या. साडेअकराला दगडफेक झाल्याचा निरोप मोबाइलवर आला, बाराला दोन समाजांची नावे आली आणि एकच्या सुमारास कुठल्यातरी दुसऱ्याच गावातल्या जळत्या दुकानाचे छायाचित्र आले. मी ठाण्यात फोन लावला, तर ‘साहेबांना विचारा’ असे उत्तर मिळाले आणि साहेबांचा फोन लागला नाही. समोरच्या कारखान्यातल्या मागावरच्या बायका पहाटेच्या पाळीला आल्याच नाहीत. दुपारी चारला प्रेसनोट आली, तेव्हा कळले की दोन भावांत घराच्या वाटणीवरून भांडण झाले होते. ‘कौटुंबिक वाद, परिस्थिती शांत’ एवढे चार शब्द साडेअकराला मिळाले असते, तरी पेठ निवांत झोपली असती. धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात १ जुलै २०१८ रोजी मुले पळवणारे समजून जमावाने पाच भिक्षेकऱ्यांना ठार मारले. त्यांत आपल्याच मंगळवेढा तालुक्यातली माणसे होती. अफवेची किंमत या जिल्ह्याने मोजलेली आहे.

परदेशात यावर वेगवेगळे तोडगे निघाले आहेत. शिकागोत पोलिसांचे वायरलेस संभाषण ३० मिनिटे उशिराने लोकांना ऐकवतात. कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टो शहराने जानेवारी २०२१ मध्ये वायरलेस कूटबद्ध केले आणि २०२२ मध्ये तो निर्णय मागे घेऊन ते पुन्हा खुले केले. काही ठिकाणी वृत्तसंस्थांना परवान्यावर संच देतात. हा शेवटचा मार्ग मला पसंत नाही. परवाना देणारा तो काढूनही घेऊ शकतो, आणि ज्याच्याविरुद्ध लिहायचे त्याच्याच मर्जीवर संच चालू राहणार असेल, तर तो बातमीदार कितीसे लिहील? शिवाय पत्रकार कोणाला म्हणायचे, हे ठरवण्याचा अधिकारही त्यातून आपोआप पोलिसांकडे जातो.

म्हणून माझी मागणी संभाषण ऐकण्याची नाहीच. नियंत्रण कक्षात मदतीसाठीच्या ११२ या क्रमांकावर आलेल्या फोनची आणि पाठवलेल्या गाडीची संगणकावर नोंद होतच असते. त्यातल्या चारच गोष्टी (घटनेचा प्रकार, परिसर, फोन आल्याची वेळ आणि गाडी पोहोचल्याची वेळ) अर्ध्या तासाच्या अंतराने संकेतस्थळावर आपोआप दिसाव्यात. नावे, घर क्रमांक आणि महिला व बालकांवरील अत्याचाराची प्रकरणे वगळावीत. एखादी नोंद रोखायची असेल तर ती कोणत्या अधिकाऱ्याने रोखली हे लिहून ठेवावे आणि धोका टळल्यावर ती खुली करावी. नव्या यंत्रणेतले ध्वनिमुद्रण ठरावीक मुदतीपर्यंत जपून ठेवावे, म्हणजे चौकशीत ‘ते पुसले गेले’ हे उत्तर चालणार नाही. पोलिसांनी माध्यमांना माहिती कशी द्यावी, याची नियमपुस्तिका तयार करण्यास सर्वोच्च न्यायालयाने १३ सप्टेंबर २०२३ रोजी केंद्रीय गृह मंत्रालयाला सांगितले होते; अशा नोंदवहीला त्या चौकटीत जागा मिळायला हवी.

शहराचे आयुक्तालय आणि ग्रामीणचे अधीक्षक कार्यालय या दोघांनीही याचा विचार करावा, अशी माझी विनंती आहे. सुरुवात सिद्धेश्वरांच्या यात्रेपासून, म्हणजे आपल्या गड्ड्याच्या यात्रेपासून करता येईल. अक्षता सोहळ्याच्या सकाळपासून होमप्रदीपनाच्या रात्रीपर्यंत यात्रेच्या परिसरातली नोंदवही अर्ध्या तासाच्या अंतराने लोकांसमोर ठेवावी आणि यात्रा उठल्यावर, त्यामुळे पोलिसांच्या एकाही कामात अडथळा आला का, हे आयुक्तांनी पत्रकार परिषदेत सांगावे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त वार्ताहर, सोलापूर