मोठ्यांचा ऑटिझम कोण ओळखणार?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

२ एप्रिलच्या जागतिक ऑटिझम (स्वमग्नता) दिनानिमित्त आपण छापलेला लेख वाचला. लेख चांगला आहे, पण त्यातली सगळी लक्षणं दोन-तीन वर्षांच्या मुलांची. ती मुलं पुढे मोठी होतात, नोकऱ्या करतात, लग्नंही करतात. माझ्या मुलाचं निदान गेल्या वर्षी झालं, ३८व्या वर्षी. तेही नातवाची तपासणी चालली होती म्हणून. डॉक्टरांचे प्रश्न ऐकता ऐकता सूनबाई माझ्याकडे वळून म्हणाली, "आई, हे सगळं यांच्यातही आहे."

आम्हाला दिसत होतंच की. ‘चार कांदे आण’ म्हटलं की हा मोजून चार कांदे आणायचा आणि आम्ही हसायचो. कॉलरमागची पट्टी कापल्याशिवाय नवा शर्ट घालत नाही. मिक्सर लागला की कान दाबून गॅलरीत जातो. ऑफिसच्या वाटेवर खोदकाम निघालं तर दिवसभर बिनसलेला. लग्नकार्यात मात्र दोन तास हसून बोलतो, नि दुसरा दिवस अंधार करून पडून काढतो. ते बोलणं त्याने इतरांचं बघून पाठ केलेलं. ‘काय, कसं काय?’ विचारल्यावर किती वेळ थांबायचं, हेसुद्धा ठरलेलं! मग ओळखणार कोण? बायका तर हे सोंग आणखी बेमालूम वठवतात, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

त्याआधीच्या एका डॉक्टरांनी "नोकरी आहे, संसार आहे, कसला ऑटिझम?" म्हणत नैराश्याच्या गोळ्या देऊन वाटेला लावलं होतं. नैराश्य होतंही, पण ते कशातून आलं, हे कोणी विचारलं नाही. या डॉक्टरीणबाईंनी मात्र मला बोलावलं. ऑटिझम मोठेपणी नव्याने होत नाही, त्यामुळे लहानपण चाचपावं लागतं. माळ्यावरून प्रगतिपुस्तकं काढली. १९९४-९५, इयत्ता तिसरी, बाईंचा शेरा: ‘हुशार, पण मुलांत मिसळत नाही.’ बाईंना काय बोल लावणार? चांगलं बोलणाऱ्या, अभ्यासात पुढे असणाऱ्या अशा मुलांसाठीचं ‘ॲस्पर्गर’ हे नावच अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या निदान-पुस्तिकेत १९९४ साली आलं. २०१३ पासून तेही ‘ऑटिझम स्पेक्ट्रम’मध्येच, म्हणजे ऑटिझमच्या सगळ्या कमी-अधिक छटांच्या एकाच गटात धरतात.

हे वाचून कोणी नवऱ्यावर किंवा साहेबांवर शिक्का मारू नये. ऐकू कमी येत असेल, मनात सतत भीती असेल, तरीही माणूस असाच तुटक वागतो. तज्ज्ञांकडूनच तपासून घ्यावं. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझम आहे आणि तिथे वयाची अट नाही. आपल्या पुरवणीत मात्र ती दिसते. पुढच्या एप्रिलमध्ये एखादं पान मोठ्यांसाठी ठेवाल का?

मी आता ‘अर्धा किलो कांदे’ सांगते.

कृपया नाव छापू नये. मुलाची हरकत नाही, पण सूनबाईच्या माहेरी अजून सांगितलेलं नाही.

– एक आई, नाशिक