कृष्णेच्या पाण्याला आरओ विकणाऱ्या कंपनीस तक्रार पत्र

प्रति,
मा. विभागीय व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार विभाग, पुणे.

दिनांक : ५ जानेवारी २०२६

विषय : दिशाभूल करणारं प्रात्यक्षिक दाखवून आरओ यंत्र विकल्याबाबत, यंत्रातलं पाणी तपासणीत पिण्यास अयोग्य ठरल्याबाबत आणि रक्कम परत मिळण्याबाबत.

महोदय,

गेल्या मे महिन्यात आपल्या कंपनीचं आरओ, म्हणजे बारीक पडद्यातून पाणी ढकलून क्षार काढणारं पाणी शुद्धीकरण यंत्र आमच्या वाईच्या घरी बसवलं गेलं. १७,५०० रुपये भरले, पावती सोबत जोडली आहे. आपल्या टोल-फ्री नंबरवर तक्रार केली की तक्रार क्रमांक येतो आणि लगेच 'आपल्या तक्रारीचं निराकरण झालं आहे' असा मेसेज येतो. माणूस काही येत नाही. त्यामुळे हे पत्र पोचपावतीसह स्पीड पोस्टाने पाठवतो आहे.

आधी माझ्याविषयी थोडं सांगतो, कारण पुढचं त्याशिवाय कळायचं नाही. मी जलशुद्धीकरण केंद्रावर फिल्टर ऑपरेटर होतो, आता निवृत्त आहे. तुरटीचा डोस, फिल्टरचं बॅकवॉश (उलटं पाणी सोडून फिल्टर धुणं) आणि क्लोरीन यांतच सगळी नोकरी गेली. आपला प्रतिनिधी आला तेव्हा मी घरी नव्हतो. सौ. आणि सूनबाई होत्या, आणि सूनबाईंनी मोबाईलवर सगळा व्हिडिओ काढून ठेवला आहे. खाली लिहितो ते त्या व्हिडिओवरून.

प्रतिनिधीने काचेचे दोन ग्लास मागितले. एकात आमच्या नळाचं पाणी घेतलं, दुसऱ्यात स्वतःच्या बाटलीतलं ओतलं. पिशवीतून सळ्या लावलेलं एक काळं झाकण काढून दोन्ही ग्लासांवर ठेवलं आणि पिन बोर्डात घातली. मिनिटभरात नळाचं पाणी पिवळट झालं, मग विटकरी, आणि वर हिरवट-तपकिरी साका तरंगू लागला. दुसरा ग्लास जवळपास तसाच राहिला. मग तो सौ.ना म्हणाला, "काकू, हे तुम्ही नातवाला पाजताय." एवढं ऐकल्यावर कुठली आजी पैसे द्यायला मागेपुढे बघेल? संध्याकाळी मी घरी आलो तेव्हा ॲडव्हान्स देऊन झाला होता आणि दुसऱ्या दिवशी यंत्र भिंतीवर होतं.

आता त्या साक्याबद्दल. झाकणाच्या सळ्यांपैकी काही लोखंडाच्या असतात, काही ॲल्युमिनियमच्या. वीज सोडली की लोखंडाची सळी झिजते आणि तिचा गंज पाण्यात उतरतो. म्हणजे तो साका आमच्या नळातून आलेला नाही, आपल्या सळीतून आलेला आहे. पाण्यातून वीज वाहायला त्यात थोडेफार क्षार असावे लागतात. नळाच्या पाण्यात ते असतात, आरओच्या पाण्यात फारसे उरत नाहीत, म्हणून दुसरा ग्लास नितळ दिसतो. हा प्रकार दहावीच्या पोरालाही समजावता येतो आणि आपल्या कंपनीतल्या इंजिनियर लोकांना तो ठाऊक नाही असं मी मानत नाही.

पुढे तोच प्रतिनिधी आमच्या आळीत दुसऱ्या घरी आला. मी मुद्दाम गेलो आणि त्याच्याच बाटलीतल्या पाण्यात चिमूटभर मीठ टाकायला लावलं. झाकण ठेवलं, पिन लावली, आणि त्या 'शुद्ध' पाण्यावरही साका चढला. पोरगा खजील झाला. म्हणाला, "काका, ट्रेनिंगमध्ये आम्हाला असंच शिकवतात." त्याच्यावर माझा राग नाही. वीस-बावीस वर्षांचं पोर, टार्गेट डोक्यावर, गाडीचं पेट्रोल खिशातून. म्हणून त्याचं नाव या पत्रात लिहीत नाही आणि त्याच्यावर कारवाई करून आपण हात झटकावेत असंही मला नको. तक्रार आहे ती ट्रेनिंग देणाऱ्यांबद्दल.

दुसरी भीती टीडीएसची, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांच्या आकड्याची घातली. त्याच्याच मीटरवर आमच्या नळाच्या पाण्याचा आकडा ११२ आला. "शंभरच्या वर म्हणजे डेंजर," असं तो व्हिडिओत स्पष्ट म्हणतो. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक, आयएस १०५०० (२०१२), विरघळलेल्या क्षारांसाठी लिटरला ५०० मिलिग्रॅम ही मर्यादा देतं, आणि दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतं. ११२ त्याच्या पाव भागाइतकेसुद्धा नाहीत. आणि ते तसेच असणार. कृष्णा महाबळेश्वरला उगम पावते, धोमच्या धरणात साठते आणि तिथून आमच्याकडे येते. वर सगळा काळा कातळ आणि पावसाचं पाणी. त्यात क्षार येणार कुठून? राष्ट्रीय हरित लवादाने मे २०१९ मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाला सांगितलं होतं की टीडीएस ५०० च्या आत असेल तिथे आरओला मनाई करा. आपला धंदाच हा, तेव्हा तो आदेश आपण माझ्या आधी वाचला असणार.

आरओ म्हणजे लबाडी, असं माझं म्हणणं नाही. आमच्याच जिल्ह्यात माण-खटावकडे खाऱ्या बोअरवर भागवणारी घरं आहेत, आणि सांगलीकडे मिरज-वाळव्याच्या क्षारपड पट्ट्यात तर जमीनच मिठाने पांढरी पडलेली आहे. तिथल्या बोअरला तुमचं यंत्र लावा, मी स्वतः शिफारस करीन. पण कृष्णेच्या धरणातल्या पाण्याला ते लावणं म्हणजे ताप नसलेल्या माणसाला सलाईन चढवण्यासारखं आहे. गंमत अशी की आपल्या टेक्निशियनने यंत्र बसवल्यावर पाण्याचा टीडीएस १४ आला. मग "एवढा कमी बरा नाही" म्हणून त्याने आतला स्क्रू पिळला आणि आकडा ५० वर आणून ठेवला. म्हणजे नळाचंच थोडं पाणी त्यात परत मिसळलं. क्षार काढायचे पैसे घ्यायचे आणि मग तेच क्षार स्क्रूने परत सोडायचे!

आमच्या पाण्याला धोका नाही असं मी म्हणत नाही. धोका आहे, पण तो क्षारांचा नाही. आषाढात नदी लाल होऊन वाहते तेव्हा गढूळपणा वाढतो, तुरटीचा डोस हलतो, फिल्टर लवकर तुंबतात. आणि जिथे नळाला दिवसातून तास-दोन तास पाणी येतं, तिथे पाणी बंद झाल्यावर लाइनमधला दाब उतरतो आणि पाइपला कुठे बारीक गळती असेल तर बाहेरची घाण आत ओढली जाते. हे कुठल्याही गावात होतं. काविळीच्या नि गॅस्ट्रोच्या साथी अशाच येतात. टीडीएस मीटर ही घाण पाहूच शकत नाही. तो पाण्यातून वीज किती वाहते ते मोजतो आणि त्यावरून क्षारांचा अंदाज सांगतो, जंतूंचं त्याला काही कळत नाही. ज्या पाण्याने गाव आजारी पडेल त्या पाण्याचा आकडासुद्धा ११२ च दिसेल. आपल्या प्रतिनिधीने सौ.ना पुण्याच्या जीबीएसचीही (गियाँ-बारे सिंड्रोम, नसांना होणारा आजार) भीती घातली. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्याच्या भागात रुग्ण वाढले तेव्हा संशय होता तो पाण्यातल्या जंतूंवर. त्या भीतीवर आरओ विकायचं आणि पुरावा म्हणून टीडीएसचा आकडा दाखवायचा, याला काय म्हणावं?

जंतूंना रोखणारी स्वस्तातली गोष्ट आमच्या नळाला आधीच असते. ती म्हणजे क्लोरीन. मानकाप्रमाणे नळाच्या शेवटच्या टोकाला लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम मोकळा क्लोरीन उरायला हवा. मी निवृत्त झालो तरी ओटीची, म्हणजे क्लोरीन तपासायच्या औषधाची बाटली घरात ठेवतो. नळाच्या पाण्यात थेंब टाकले की पाणी पिवळं होतं. आपल्या यंत्रातून आलेल्या पाण्यात टाकले तर रंगच बदलत नाही, कारण आपला कार्बन फिल्टर क्लोरीन आधीच शोषून घेतो. त्याला घ्यावाच लागतो, नाहीतर क्लोरीनने मेंब्रेन, म्हणजे आरओचा पडदा, खराब होतं, हे मला कळतं. पण मग ते बिनक्लोरीनचं पाणी आपण प्लॅस्टिकच्या टाकीत भरून ठेवता, कधी रात्रभर, आणि कोणी गावाला गेलं तर चार-चार दिवस.

दिवाळीनंतर त्या पाण्याला ओलसर, कोंदट वास यायला लागला. टोल-फ्रीचा अनुभव वर सांगितलाच आहे, म्हणून पुढचं झाकण मीच उघडलं. टाकीच्या आतल्या कडेला, पाण्याची पातळी जिथे थांबते तिथे, करड्या रंगाचा बुळबुळीत थर होता. बोट फिरवलं तर बोटाला लागला आणि चोळल्यावर ताणला गेला. टाकीतून तोटीकडे जाणारी पांढरी नळी आतून तशीच झाली होती. केंद्रावर टाक्या धुताना असा थर मी पुष्कळ पाहिला आहे, त्यामुळे तो जंतूंचा थर आहे हे मला कोणी सांगायला नको. यंत्रावर 'आरओ + यूव्ही' असं मोठ्या अक्षरांत छापलं आहे. यूव्हीचा, म्हणजे अतिनील किरणांनी जंतू मारणारा दिवा आहे, चालूही आहे, पण तो आहे टाकीच्या आधी. दिव्याखालून पाणी पुढे गेल्यावर टाकीत जे वाढतं त्याचं तो काय वाकडं करणार?

तरी माझ्या नजरेवर आपण विश्वास ठेवावा असा माझा आग्रह नाही. मी दोन नमुने प्रयोगशाळेत दिले, एक थेट नळाचा आणि एक यंत्राच्या तोटीचा. बाटल्या प्रयोगशाळेच्याच, निर्जंतुक केलेल्या. आत थायोसल्फेट असतं म्हणून त्या विसळल्या नाहीत. ते क्लोरीनला तिथल्या तिथे थांबवतं, नाहीतर वाटेत क्लोरीन जंतू मारत राहतो आणि अहवाल उगाच चांगला येतो. दोन्ही तोट्या स्पिरिटने पुसल्या, पाणी थोडं वाहू दिलं, बाटल्या बर्फात ठेवून त्याच दिवशी साताऱ्याला पोचवल्या. अहवालाप्रमाणे नळाच्या पाण्यात कोलिफॉर्म (पाणी दूषित असल्याची खूण मानले जाणारे जंतू) आढळले नाहीत. आपल्या यंत्राच्या पाण्यात आढळले, शेरा 'पिण्यास अयोग्य'. दोन्ही अहवालांच्या प्रती सोबत आहेत.

पावसाळ्यात नातवाचं पोट बिघडलं होतं. ते याच पाण्याने बिघडलं असं मी म्हणणार नाही, ते सिद्ध करता येत नाही. पण तेव्हा आम्ही नळाचं पाणी उकळायचं बंद केलं होतं. यंत्र आहे, आता कशाला उकळायचं, असं आपल्याच प्रतिनिधीने सौ.ना सांगितलं होतं आणि तेही व्हिडिओत आहे.

बाकीचं थोडक्यात. एक हंडा शुद्ध पाणी भरेपर्यंत जवळजवळ तीन हंडे बाहेर जातं. सौ. ते फरशी पुसायला नि कुंड्यांना वापरतात, पण उन्हाळ्यात नळाला पाणी कमी येतं तेव्हा हा हिशोब परवडत नाही. ऑगस्टमध्ये मेंब्रेन तुंबलं म्हणून नवीन घालायला २,८०० रुपये घेतले आणि ते वॉरंटीत नाही असं सांगितलं. बाहेरची गाळणी वेळेवर बदलली असती तर मेंब्रेन तुंबलं नसतं, आणि ती बदलायला माणूस पाठवणं हे आपलं काम होतं. आता वर्षाच्या सर्व्हिस कॉन्ट्रॅक्टसाठी फोन मात्र न चुकता येतात.

माझ्या मागण्या अशा. यंत्राची पूर्ण किंमत आणि मेंब्रेनचे पैसे मिळून २०,३०० रुपये परत करावेत. बदल्यात दुसरं यंत्र नको; गाळणी आणि उकळणं यावर आमचं भागतं. यंत्र आपल्या खर्चाने काढून न्यावं. आमच्या आळीत ज्यांना ज्यांना ते प्रात्यक्षिक दाखवून यंत्र विकलं, त्यांना साका कशामुळे येतो हे मराठीत लेखी कळवावं आणि त्यांच्या टाक्या फुकट साफ करून द्याव्यात. बरीचशी वयस्क माणसं आहेत, टाकी कोण उघडणार? आणि ते सळ्यांचं झाकण आपल्या प्रतिनिधींच्या पिशव्यांतून काढून घेतल्याचं मला लेखी द्यावं. पैशांपेक्षा मला हे जास्त हवं आहे.

उत्तरासाठी पंधरा दिवसांची मुदत देतो. त्यानंतर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, म्हणजे १९१५ ला, कळवीन आणि ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल करीन. त्या कायद्याप्रमाणे ग्राहक राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, त्यामुळे मला पुण्याला खेटे घालावे लागणार नाहीत, आपल्याला मात्र साताऱ्याला यावं लागेल. व्हिडिओ, पावत्या आणि अहवाल तयार आहेत.

माणूस पाठवणार असाल तर सकाळी नऊनंतर पाठवा, त्याआधी नळाला पाणी असतं आणि घरात कोणी मोकळं नसतं. यंत्र काढल्यावर भिंतीला चार भोकं राहतील, ती बुजवायचं सिमेंट त्याने बरोबर आणावं.

आपला ग्राहक,
(सही)
वाई, जि. सातारा