रविवारी रक्तदान शिबिर : उपासनेची वेळ बदलली आहे

प्रभूमध्ये प्रिय बंधुभगिनींनो, सलाम.

येत्या रविवारी उपासना साडेनऊऐवजी सकाळी ८ वाजता सुरू होईल. प्रभुभोजनाचा (भाकर आणि द्राक्षरस घेण्याचा) विधीही त्यातच. त्यानंतर १० ते २ चर्चच्या हॉलमध्ये रक्तदान शिबिर आहे. मे महिन्यात कॉलेजं बंद, शिबिरं कमी, रक्तपेढ्यांत तुटवडा. म्हणून मुद्दाम हीच वेळ घेतली.

• वय १८ ते ६५, वजन किमान ४५ किलो. आधीच्या रक्तदानाला पुरुषांचे ३ आणि स्त्रियांचे ४ महिने झालेले हवेत.
• उपाशीपोटी येऊ नका. प्रभुभोजनाची भाकर म्हणजे नाश्ता नव्हे!
• कुठलीही औषधं चालू असतील तर डॉक्टरांना आधी सांगा.

शेजारच्या चाळीतले आणि रिक्षा स्टँडवरचे लोकही येणार आहेत. त्या दिवशी पत्रकं वाटायची नाहीत, प्रार्थनेचा आग्रह नाही, परवानगीशिवाय फोटो नाहीत. रक्त द्यायला आलेल्या माणसाला चहा आणि खुर्ची मिळाली की पुरे.

तरुण संघाने शनिवारी संध्याकाळी ६ वाजता बाकं हलवायला यावं (मागच्या वेळी सगळं काम डीकनांवरच, म्हणजे चर्चच्या सेवकांवरच, पडलं होतं). चहा-बिस्किटं महिला मंडळाकडे. बाप्तिस्म्याच्या तयारीचा वर्ग या रविवारी होणार नाही, पुढच्या रविवारी होईल.

– चिटणीस