पाच लाखांचं कार्ड आणि माझा कॅन्सर: आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य यांस,
सविनय नमस्कार.

मी कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात हयात घालवलेला टर्नर. वय 66. मला प्रोस्टेटचा, म्हणजे पुरुषांच्या मूत्राशयाखालच्या ग्रंथीचा, कॅन्सर आहे. रक्तातलं पीएसए (प्रोस्टेटमधलं प्रथिन, कॅन्सरमध्ये वाढतं) 14, बायोप्सीत ग्लीसन (कॅन्सर किती आक्रमक आहे त्याचा आकडा) 7. अजून ग्रंथीबाहेर पसरलेला नाही, ऑपरेशन केलं तर बरा होण्याची चांगली आशा आहे, असं डॉक्टर सांगतात. परवा एका दवाखान्यात महात्मा फुले जनआरोग्य योजनेचं कार्ड पुढं केलं. काउंटरवरून उत्तर आलं, "पोट उघडून करायचं तर योजनेत बसवू. रोबोटनं हवं असेल तर सगळे पैसे तुमचे." सगळे म्हणजे साडेचार लाख.

साहेब, या योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार मोफत, हे 2023 साली राज्य सरकारनंच जाहीर केलं होतं. साडेचार लाख पाच लाखांत बसत नाहीत का? हा हिशोब कोणत्या अधिकाऱ्याचा आहे?

यंत्र काय असतं ते मला कळतं. सीएनसीला, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशीनला, प्रोग्राम दिला की बाजूला उभं राहता येतं, ऑपरेशनच्या रोबोटचं तसं नाही. सर्जन कन्सोलवर बसतो, पोटावरच्या बारीक छिद्रांतून हत्यारं आत जातात, मनगटासारखी वळतात, आतलं त्याला मोठं आणि खोलीसकट दिसतं. हात त्याचाच. आणि जागा कसली आहे? मूत्राशयाच्या खाली, ओटीपोटात खोल. ग्रंथीला चिकटून ताठरतेच्या नसा, खाली लघवी धरणारा स्नायू. त्यांना इजा झाली तर माणूस वाचतो, पण डायपर बांधून जगतो. माझ्या वयाचे पुरुष हे बायकोलाही सांगत नाहीत, म्हणून मी जाहीर लिहितोय. रात्री लघवीला चार-चार वेळा उठत होतो तेव्हा मला "वय झालं" एवढंच ऐकवलं गेलं. पीएसएची साधी रक्ततपासणी शेवटी पदरचे पैसे घालून केली.

माझ्या मुलानं लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात 2016 साली आलेला, उघड्या आणि रोबोटिक ऑपरेशनची तुलना करणारा ब्रिस्बेनचा अभ्यास वाचून दाखवला. बारा आठवड्यांनंतर लघवीचा ताबा आणि लैंगिक क्षमता दोन्ही पद्धतींत जवळपास सारखीच होती. रोबोटमध्ये रक्त मात्र कमी गेलं. निष्णात सर्जन उघडं ऑपरेशनही उत्तम करतो, हे मला मान्य आहे. पण माझी अँजिओप्लास्टी झालेली आहे. रक्त कमी जाणं ही माझी चैन नव्हे. दोन्ही वाटा समोर ठेवून मी आणि माझे डॉक्टर ठरवू. तो निर्णय योजनेतल्या उपचारांच्या यादीनं का घ्यावा?

2019 साली विमा नियामक प्राधिकरणानं कंपन्यांना बजावलं की रोबोटिक शस्त्रक्रिया आरोग्य पॉलिसीतून वगळायची नाही. रकमेला मर्यादा घाला, पण वगळू नका. म्हणजे हप्ता भरणाऱ्याला दार उघडं आणि पिवळ्या-केशरी रेशनकार्डवाल्याला बंद. हा न्याय शाहू महाराजांच्या गावात आम्ही मुकाट्यानं सोसायचा?

अमेरिकेत दा विंची या शस्त्रक्रियेच्या रोबोटला 2000 साली मान्यता मिळाली. आता गुरुग्रामची एक कंपनी 'एसएसआय मंत्रा' नावाचा भारतीय रोबोट बनवते. यंत्र आलं, पण ते गरिबाच्या अंगाला लागत नाही. ऐपत असलेला पुण्या-मुंबईला जातो. उरलेला शेत विकतो, नाहीतर मिळेल ते पदरात घेतो. आणि पुण्याला गेलं तरी ऑपरेशननंतर आठ-दहा दिवस लघवीची नळी असते, ती सांभाळत सव्वादोनशे किलोमीटर परत यायचं. मुंबई उच्च न्यायालयाच्या सर्किट बेंचसाठी या शहरानं चार दशकं भांडण केलं, तेव्हा 2025 मध्ये ते मिळालं. प्रत्येक हक्कासाठी आम्ही दसरा चौकात बसायचं असेल तर निवडणुका कशाला घेता? कर आम्ही भरतो, मतं आम्ही देतो, आणि आजारी पडल्यावर आम्हीच याचक होतो. माझ्या शेजारच्या वर्कशॉपमधल्या कामगाराला उद्या हाच आजार झाला तर त्यानं कुणाच्या ओळखी काढायच्या?

प्रोस्टेटच्या रोबोटिक ऑपरेशनचा योजनेत समावेश करा. सरकारी दवाखान्यात त्यासाठी शिकलेले युरोसर्जन कायमच्या पदावर नेमा. पीएसए तपासणी तालुक्याला मोफत करा. मला पुढच्या महिन्यापर्यंत ऑपरेशनचा निर्णय घ्यायचा आहे. त्याआधी आपल्या खात्याचं उत्तर लेखी हवं. नकार असेल तर तोही सहीशिक्क्यानं द्या, कारण तो घेऊन मी त्याच सर्किट बेंचपुढं जाणार आहे.

आपला,
शिवाजी उद्यमनगरातला एक रुग्ण, कोल्हापूर