लाल ठिपक्याबद्दल, तुझ्या असाइनमेंटसाठी

प्रिय लेकरा,

काल फोनवर म्हणालीस की पप्पा आम्हाला असाइनमेंटला जुने लॅपटॉप दिलेत, त्यांचा रेट्रो लूक लई भारी असतो, तुमच्या त्या डबड्याचा फोटो टाका. टाकलाय. माळ्यावरून काढताना तुझ्या आईनं जे काय सुनावलं ते सोडून दे. पण ते ‘लूक’ ऐकल्यापासनं डोक्यात घोळायलंय म्हणून आता झोपायच्या वेळी टाइप करत बसलोय, चुका झाल्या तर समजून घे, मोबाइलवर माझी दहा बोटं मावत नाहीत.

अगं तो लूक नव्हता गं. तसं केल्याबिगर दुसरा इलाजच नव्हता.

१९८१ चा ऑसबॉर्न १ नावाचा उचलून न्यायचा कॉम्प्युटर बघ. आजीचं शिलाई मशीन आठवतं का, वर हँडल असलेल्या पेटीतलं, तसलंच धूड, ११ किलोचं. पेटीचं झाकण काढलं की तोच कीबोर्ड. आत काचेची पिक्चर ट्यूब, दोन फ्लॉपी ड्राइव्ह, आणि हे सगळं विमानातल्या सीटखाली बसलं पाहिजे, मग पडदा राहणार केवढा? ५ इंच. एका ओळीत ५२ अक्षरं, पुढचं बघायचं तर पडद्यावरचा मजकूर बाजूला सरकवायचा. किंमत १,७९५ डॉलर, अन् एवढं करून आत बॅटरी नाही! उचलता येतं म्हणून पोर्टेबल, बास. आमच्या लातूरला काय कामाचं होतं ते, लाइट गेली की पेटी ती पेटीच. ते काढणारा अ‍ॅडम ऑसबॉर्न लहानपणी तमिळनाडूत तिरुवण्णामलैला वाढलेला, आई-बाप रमण महर्षींच्या आश्रमापाशी राहायचे, आणि २००३ ला वारला तोही कोडाईकनालला. हे लिही, मॅडमला आवडंल.

मिटायचा लॅपटॉप म्हणशील तर १९८२ चा ग्रिड कंपास, बिल मॉग्रिज नावाच्या माणसाचं डिझाइन. पडदा कीबोर्डवर पालथा घातला की दोघंही सुरक्षित, वरून मॅग्नेशियमची बॉडी. नासानं तो यानातून अंतराळात नेला. आणि १९८३ चा टीआरएस-८० मॉडेल १००, त्यात आठच ओळी दिसायच्या, पण चार पेन्सिल सेलवर वीसेक तास चालायचा, तिकडचे पत्रकार त्याच्यावर बातम्या टाइप करून फोनच्या वायरीनं ऑफिसला पाठवायचे. लोडशेडिंगच्या काळात मला असलं काही भेटलं असतं तर मी पाया पडलो असतो त्याच्या.

आता माझा ठिपका. भूकंपानंतर, १९९५ साल असंल, किल्लारीकडं पुनर्वसनाची कामं चालू होती आणि मी एका पत्र्याच्या शेडात रोजंदारीवर टायपिस्ट होतो. एक इंजिनिअर साहेब यायचे, त्यांनी जीपच्या बोनेटवर काळा लॅपटॉप उघडला, काळा म्हणजे पाटीसारखा काळा, आणि कीबोर्डच्या मधोमध जी, एच आणि बी च्या बेचक्यात कुंकवाच्या टिकलीएवढा लाल ठिपका. बोनेटवर माउस कुठं फिरवणार सांग? साहेबांनी त्या ठिपक्यावर बोट टेकवलं, जरा रेटलं, आणि पडद्यावरचा बाण चालायला लागला.

तुला कळायचं नाही मला तेव्हा काय वाटलं ते. मी चाळीस स्पीडची परीक्षा दिलेला माणूस, आमचे सर बोटं होम रोवरून, म्हणजे कीबोर्डच्या मधल्या ओळीवरून, हलली की फूटपट्टी हाणायचे. माउस म्हणजे दर दोन मिनिटांनी हात उचलायचा अन् परत जागा शोधायची. इथं हात जागचा हलतच नव्हता. नंतर वाचलं, ती आयडिया टेड सेल्कर नावाच्या माणसाची, त्याला हेच खटकलं होतं की कीबोर्डवरून माउसकडं जाण्या-येण्यात वेळ जातो. आणि तो काळा डबा रिचर्ड सॅपर नावाच्या डिझायनरचा, १९९२ चा थिंकपॅड, जपानी जेवणाच्या डब्यावरून सुचलेला. उघडंस्तोवर आत काय हाय ते कळू नये म्हणून साधा.

२००४ ला तसलाच सेकंडहँड घेतला, तोच फोटोतला. बॅटरी तीस-पस्तीस मिनिटं टिकायची आणि लाइट तर सहा-सहा तास नसायची, त्यात लग्नसराई, पत्रिका टाइप करायचं काम. एका पत्रिकेत नवरदेव सेव्ह झाला आणि नवरी गेली, मुलीचा बाप रात्री दहाला दारात. तरी त्या डब्यावर मी कितीक लग्नं लावली.

आता तू विचारशील फोटोत लाल ठिपका का नाही. तू दोन वर्षांची असताना उपटून तोंडात घातलास, आम्ही दोघं बेजार, तुझं तोंड उघडंस्तोवर गिळलास. डॉक्टर म्हणाले निघून जाईल. बाजारात दुसरा भेटला नाही, मग सायकलची व्हॉल ट्यूब कापून बसवली, तेवढ्यावर अजून सहा वर्षं काम केलं. फोटोत मधी काळी नळी दिसायली ना, ती तीच हाय. मॅडमला ओरिजिनल म्हणून सांगू नको.

तुझे पप्पा