समिती कुठे आहे, मंत्रीमहोदय?

माननीय मंत्रीमहोदय,
सादर नमस्कार.

गेल्या आठवड्यातल्या आपल्या उद्घाटनाला मला आग्रहाचं बोलावणं होतं, त्याबद्दल आभार. पत्रिकेत माझ्या नावापुढे ‘सदस्य, महिला सल्लागार समिती’ असं छापलं होतं. पोचले, तर आपल्या एका कार्यकर्त्याने मखमल अंथरलेलं तबक हातात दिलं. त्यात कात्री. ‘‘आप तो ब्यूटी क्वीन रही हैं, फोटो अच्छा आएगा.’’ आपण फीत कापलीत, कात्री तबकात टाकलीत आणि मान वर न करता पुढे निघालात.

तो मुकुट मी विशीत जिंकला होता. नंतरचं आयुष्य रेडिओवर गेलं. पहाटेच्या कार्यक्रमासाठी अंधारात उठायचं, पोरांचे डबे रात्रीच भरून ठेवायचे, ताप असला तरी गुळण्या करून माइकसमोर बसायचं. सासूबाई गेल्या त्या सकाळीसुद्धा मी इंदूरला भजनं ऐकवत होते. घरचे अजून बोलून दाखवतात.

त्याच कार्यक्रमात नर्सबाया, दुकानांतल्या पोरी फोन करून सांगायच्या की रात्री पाळी सुटल्यावर घरी जायला बस नसते. त्या तक्रारींची फाइल मी स्वतः आपल्या हातात दिली. रवींद्र नाट्यगृहाच्या मंचावरून आपण जाहीर केलंत, ‘समिती नेमू, ताई तिच्यात असतील.’ टाळ्या पडल्या. बैठक आजतागायत झालेली नाही. फाइलचं विचारलं तर आपले सचिव म्हणतात, कोणती फाइल?

बेस मायर्सन ही 1945 ची मिस अमेरिका. टीव्हीवर नाव कमावलं आणि 1969 मध्ये न्यूयॉर्कच्या महापौरांनी तिला ग्राहक खात्याची आयुक्त नेमलं. जमैकाची लिसा हॅना 1993 ची मिस वर्ल्ड. तीही टीव्हीवर होती, मग खासदार झाली, 2012 मध्ये मंत्री. त्यांना खाती मिळाली. फोटोही निघाले असतीलच.

आणि मुकुटवाल्यांचंच काय घेऊन बसलात? आपल्या राज्यात पालिका-पंचायतींत निम्म्या जागा बायकांच्या, पण खुर्चीजवळ उभा राहून कारभार हाकतो पार्षदपती, म्हणजे निवडून आलेल्या नगरसेविकेचा नवरा. 2024 च्या लोकसभेत 543 पैकी बायका 74. शंभरात तेरा की चौदा, ते आपणच मोजा, आकडेमोडीला माणसं आहेत आपल्याकडे. 2023 मध्ये 33 टक्क्यांचा कायदा वाजतगाजत केलात आणि त्याला जनगणनेचं, मतदारसंघांच्या फेररचनेचं शेपूट लावलंत. उठता-बसता नाव मात्र अहिल्याबाईंचं. बाईंनी 28 वर्षं राज्य केलं. त्यांच्या पुतळ्याला हार आपण घालणार, आम्ही फक्त तो पुढे करायचा.

आता एवढंच करा. समितीवरच्या नेमणुकीचा लेखी आदेश पाठवा, त्यात पहिल्या बैठकीची तारीख हवी आणि विषय एकच, रात्रीची बस. ते जमत नसेल तर पुढच्या पत्रिका छापायला जाण्याआधी माझं नाव काढायला सांगा.

आपली,
एक इंदूरकर मतदार